गिरणीच्या अंगणातला क्लब : बांगू अॅथलेटिक क्लबची वाटचाल

संस्थेचा इतिहास स्थापनेच्या सभेपासून सुरू करायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या रीतीने जायचे तर १७ एप्रिल १९०४ रोजी रिओ द जानेरोच्या पश्चिमेला, बांगू नावाच्या वस्तीत कापड गिरणीतले काही लोक जमले. क्लब काढायचे ठरले, नाव इंग्रजीत ठेवले गेले, ‘द बांगू अॅथलेटिक क्लब’, आणि विल्यम फ्रेंच पहिले अध्यक्ष झाले. रंग लाल आणि पांढरा. सभेचा वृत्तांत एवढाच. पण बांगूची हकिगत या सभेच्या बरीच आधी सुरू झालेली आहे आणि ती गिरणीपासूनच सांगावी लागते.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८८८ मध्ये. पुढच्याच वर्षी राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. त्याच १८८९ मध्ये ‘कंपान्या प्रोग्रेस्सो इंदुस्त्रियाल दो ब्राझील’ ही कंपनी स्थापन झाली. शहराच्या मध्यापासून सुमारे तीस किलोमीटरवरची बांगू नावाची जुनी जहागीर तिने विकत घेतली. जमीन स्वस्त होती, डोंगरातून पाणी येत होते आणि रेल्वे जवळून जात होती. कापड गिरणीला आणखी काय लागते? १८९३ मध्ये गिरणी सुरू झाली. कंपनीने कामगारांसाठी घरे बांधली, रस्ते आखले, आणि बघता बघता गिरणीभोवती गाव उभे राहिले. गिरणगाव हा शब्द मुंबईबाहेर कुठे वापरायचाच झाला तर तो बांगूला चपखल बसेल. फरक एवढाच की परळ-लालबागला अनेक गिरण्यांचे भोंगे होते, इथे एकच होता आणि अख्खे गाव त्याच्यावर चालत होते.

यंत्रे ब्रिटनहून आली आणि ती चालवणारे तंत्रज्ञही तिकडूनच आले. त्यांच्यात थॉमस डोनोहो नावाचा एक स्कॉटिश माणूस होता, ग्लासगोजवळच्या बझबी गावचा. तो १८९४ मध्ये बांगूला पोहोचला. फुटबॉल खेळायची त्याला भारी हौस, आणि इथे साधा चेंडूही मिळेना. चेंडू पुढे त्याच्या कुटुंबाबरोबर बोटीने आला आणि गिरणीलगतच्या मोकळ्या जागेत खेळ सुरू झाला. ब्राझीलमध्ये फुटबॉल आणण्याचे श्रेय एरवी साओ पाउलोच्या चार्ल्स मिलरला दिले जाते. त्याने भरवलेला प्रसिद्ध सामना एप्रिल १८९५ मधला. बांगूकर म्हणतात, आम्ही त्याच्या काही महिने आधीच खेळलो. यावर ब्राझीलमध्ये अजून वाद चालतो. मिलरच्या सामन्यात ठरलेले संघ होते, नियम होते. डोनोहोचा खेळ म्हणजे सुटीच्या दिवशी जमतील तेवढ्या गड्यांनी घातलेला धुडगूस. माझ्या मते मिलरचे श्रेय काढून घ्यायची बांगूला गरज नाही. त्याच्या पदरी याहून मोठे काहीतरी आहे.

ते आहे एका छायाचित्रात. तारीख १४ मे १९०५. फ्लुमिनेन्सविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी काढलेला हा बांगूचा संघ. फ्लुमिनेन्स म्हणजे रिओतल्या श्रीमंतांचा क्लब. त्या दिवशी बांगूने त्यांना ५-३ असे हरवले. बांगूच्या संघात पाच इंग्रज, तीन इटालियन, दोन पोर्तुगीज आणि एकच ब्राझिलियन. त्याचे नाव फ्रान्सिस्को कारेगाल. बाप पोर्तुगीज, आई कृष्णवर्णीय ब्राझिलियन, स्वतः गिरणीत विणकर. मारियो फिल्यो या पत्रकाराने १९४७ मध्ये ब्राझिली फुटबॉलमधल्या कृष्णवर्णीयांवर पुस्तक लिहिले. माराकाना स्टेडियमला आज अधिकृत नाव आहे ते याच माणसाचे. त्याने या छायाचित्राकडे बारकाईने पाहिले आहे. सगळ्या संघात सर्वांत नीटनेटका कोण, तर कारेगाल. इंग्रज खेळाडूंना कपड्यांची फिकीर नव्हती, ते कसेही उभे राहिले तरी इंग्रजच राहणार होते. कारेगालला ती सवलत नव्हती. गिरणीच्या पगारातून त्याने अंगावरच्या प्रत्येक वस्तूची काळजी घेतलेली दिसते. गुलामगिरी उठून अवघी सतरा वर्षे झाली होती, हे ध्यानात ठेवून तो फोटो पाहावा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण स्मरणिकांमध्ये ती बहुधा सांगितली जात नाही. क्लबने कारेगालला घेतले ते समतेच्या तत्त्वापायी नव्हे. गरज होती म्हणून घेतले. शहरातल्या क्लबांकडे वकील, डॉक्टर, व्यापाऱ्यांची मुले रांगेने उभी होती. गावाबाहेरच्या या गिरणीत अकरा खेळाडू पुरे करायलाही पुरेसे इंग्रज नव्हते, मग सरावासाठी बावीस कुठून आणणार? मागावरच्या माणसाला मैदानात बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हते. गिरणीचे संचालक जुआँव फेरेर यांचे पाठबळ होतेच. गिरणीलगतच्या ज्या रस्त्यावर क्लबचे पहिले मैदान झाले, तो रस्ता पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला.

मात्र गरजेपोटी उचललेले पाऊल मागे घ्यायची वेळ आली तेव्हा क्लब काय करतो, हा खरा प्रश्न. ती वेळ लवकरच आली. १९०६ मध्ये रिओची पहिली साखळी स्पर्धा झाली, सहा संघांत बांगू होता. १९०७ च्या मे महिन्यात लीगच्या मंडळाने एकमताने ठराव केला की ‘रंगीत’ माणसांची हौशी खेळाडू म्हणून नोंदणी होणार नाही. पत्र सगळ्या क्लबांना गेले. बहुतेकांना त्याने काही फरक पडत नव्हता, कारण त्यांच्याकडे तसे कोणी नव्हतेच. फरक पडणारा क्लब बांगू, आणि बांगूने लीग सोडली. बाकीच्या कोणत्याही विजयापेक्षा मी या माघारीला वरचे स्थान देतो. खेळाडू काढून टाकणे सोपे होते, गिरणीत त्याला कोणी जाब विचारला नसता.

बांगूच्या जुन्या चाहत्यांची यावर एक तक्रार असते आणि ती रास्त आहे. कृष्णवर्णीयांना दार उघडणारा क्लब म्हणून जगात नाव झाले वास्को द गामाचे. वास्कोने १९२३ ची स्पर्धा कृष्णवर्णीय आणि गरीब खेळाडूंच्या बळावर जिंकली, १९२४ मध्ये त्यांना वगळण्यास नकार देणारे पत्र लिहिले, आणि ते पत्र इतिहासात गेले. वास्कोचे मोठेपण खरेच आहे. तो जिंकून दाखवणारा संघ होता, म्हणून त्याला दाबणे जड गेले. बांगूचा नकार सतरा वर्षे आधीचा, पण नकार देणारा संघ विजेता नव्हता. हरणाऱ्याच्या नकाराची बातमी होत नाही.

पुढची काही वर्षे दुसऱ्या श्रेणीत गेली. तिथले विजेतेपद १९११ आणि १९१४ मध्ये मिळाले. या काळात कामगार-खेळाडू नावाची एक जातच तयार झाली. चांगला खेळणाऱ्याला गिरणीत नोकरी, आणि नोकरीत हलके काम. सरावाच्या दिवशी लवकर सुट्टी. इतर कामगार बारा-बारा तास मागावर उभे राहत त्या काळात ही मोठी चैन होती. कागदोपत्री सगळे हौशी. हौशीपणाचा हा पडदा सगळ्याच क्लबांनी लावला होता, बांगूचा फक्त जास्त विरळ होता.

म्हणून १९३३ मध्ये रिओत उघड व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा बांगूला फार काही बदलावे लागले नाही. त्या पहिल्याच वर्षी सहा संघांच्या स्पर्धेत बांगू विजेता ठरला. निर्णायक सामन्यात फ्लुमिनेन्सचा ४-० असा धुव्वा. प्रशिक्षक होते लुईस विन्यायस. संघाचा हुकमी गोलंदाज लादिस्लाऊ दा गिया, म्हणजे गोल करणारा. क्लबसाठी त्याच्याइतके गोल आजवर कोणी केलेले नाहीत.

या दा गिया घराण्याबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. चार भाऊ बांगूकडून खेळले. लादिस्लाऊ आणि मेदियो १९३३ च्या संघात होते. धाकटा दोमिंगोस मात्र तोवर बाहेर पडला होता. १९१२ मध्ये बांगूतच जन्मलेला हा बचावपटू १९२९ मध्ये क्लबकडून खेळू लागला, तीन वर्षांत वास्कोकडे गेला, आणि मग लागोपाठ तीन वर्षे तीन देशांत विजेता झाला: १९३३ मध्ये उरुग्वेत नासिओनालबरोबर, १९३४ मध्ये रिओत वास्कोबरोबर, १९३५ मध्ये अर्जेंटिनात बोका ज्युनियर्सबरोबर. चेंडू लाथाडून दूर भिरकावणे हे बचावपटूचे काम, असे समजले जाण्याच्या काळात तो स्वतःच्या गोलसमोर, अंगावर धावून येणाऱ्यांना शांतपणे हुलकावण्या देत चेंडू बाहेर काढी. प्रेक्षकांच्या काळजाचा ठोका चुके, त्याचा चुकत नसे. लोक त्याला ‘दिव्य गुरू’ म्हणत. त्याचा मुलगा आदेमीर हाही बांगूतच वाढला. पुढे साओ पाउलोच्या पाल्मेइरासचा तो दैवतासमान खेळाडू झाला.

चाळीस आणि पन्नासच्या दशकांत क्लबची सूत्रे गिरणीमालक गिल्येर्मे दा सिल्व्हेइरा फिल्यो यांच्याकडे होती. सगळे त्यांना सिल्व्हेइरिन्या म्हणत. बांगूचे कापड तेव्हा देशभर नावाजलेले होते; ते खपावे म्हणून कंपनी ‘मिस एलेगान्त बांगू’ या फॅशनच्या स्पर्धा भरवी. गिरणीलगतचे जुने मैदान सुटले आणि १९४७ मध्ये मोसा बोनिता भागात नवे स्टेडियम उघडले. त्याचे पूर्ण नाव ‘एस्तादियो प्रोलेतारियो गिल्येर्मे दा सिल्व्हेइरा फिल्यो’. श्रमिकांचे स्टेडियम, आणि पुढे मालकाचे नाव! दोन्ही एका पाटीवर सुखाने नांदतात. रिओत बांगूचा उकाडा प्रसिद्ध आहे. दुपारच्या सामन्याला येणारा पाहुणा संघ अर्धा तिथेच हरतो, असे गमतीने म्हटले जाते.

१९५० मध्ये सिल्व्हेइरिन्यांनी फ्लामेंगोकडून झिझिन्योला विकत घेतले, तेव्हा सगळ्या रिओने तोंडात बोट घातले. देशातला सर्वोत्तम खेळाडू गावाबाहेरच्या गिरणी क्लबात! त्याच वर्षीच्या विश्वचषकात तो बांगूचा खेळाडू म्हणूनच ब्राझीलकडून खेळला आणि स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट ठरला, जरी अंतिम सामन्याने देशाला रडवले. लहानपणी पेले ज्याच्यासारखे व्हावे म्हणत होता तो हाच झिझिन्यो. १९५१ च्या मोसमात बांगू अंतिम फेरीत गेला, फ्लुमिनेन्सकडून हरला. झिझिन्यो १९५७ पर्यंत राहिला आणि एकही रिओ विजेतेपद न मिळवता गेला.

१९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय सॉकर लीग भरली. बांगूच्या गटात इटलीचा सांपदोरिया, लिस्बनचा स्पोर्टिंग, बेलग्रेडचा रेड स्टार असे तालेवार संघ होते. गट जिंकून बांगू अंतिम सामन्यात पोहोचला आणि समोर आला किल्मार्नॉक, म्हणजे स्कॉटलंडचा संघ. पोलो ग्राउंड्सवर बांगूने तो २-० असा जिंकला. अठरा वर्षांचा आदेमीर दा गिया स्पर्धेचा मानकरी. डोनोहोचे बझबी गाव किल्मार्नॉकपासून फार लांब नाही.

१९६६ हे बांगूच्या आयुष्यातले सर्वांत लखलखीत वर्ष. १८ डिसेंबरला माराकानावर फ्लामेंगोशी अंतिम सामना, प्रेक्षक १,४०,००० च्या वर. पूर्वार्धात ओसिमार आणि आलादीम, उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच पाउलो बोर्जेस; फलक ३-०. बांगूला विजयफेरी मारू द्यायची नाही, असा फ्लामेंगोच्या अल्मीर पेर्नांबुकिन्योने पण केला होता. तो मैदानात मारामारीला उतरला, पाठोपाठ दोन्ही संघ उतरले. पंचांनी नऊ जणांना बाहेर काढले, पाच फ्लामेंगोचे आणि चार बांगूचे. उरलेल्यांत सामना पुढे चालणे शक्यच नव्हते. वेळ शिल्लक असतानाच बांगू विजेता ठरला. तेहतीस वर्षांनी आलेला चषक असा अर्ध्या सामन्यावर मिळाला, पण गोल तर तीनही खणखणीत होते. पुढच्या वर्षी हाच संघ अमेरिकेत ह्यूस्टन शहराच्या नावाने, ‘ह्यूस्टन स्टार्स’ म्हणून लीग खेळला. बांगूच्या उन्हात वाढलेली मुले अॅस्ट्रोडोमच्या वातानुकूलित छपराखाली खेळत होती.

१९६६ चे अध्यक्ष एउझेबियो दे आंद्रादे, आणि त्यांच्या मागे त्यांचा मुलगा कास्तोर. इथून क्लबचा आश्रयदाता बदलतो. गिरणीचा हात सैल होत गेला, तसा आंद्रादे कुटुंबाचा घट्ट होत गेला. त्यांचा पैसा ‘जोगो दो बिशो’चा. १८९२ मध्ये रिओतल्या एका प्राणिसंग्रहालयाच्या मालकाने गर्दी खेचायला सुरू केलेली ही पंचवीस प्राण्यांची सोडत; तिकिटावर ज्याचा प्राणी निघेल त्याला बक्षीस. प्राणिसंग्रहालय राहिले बाजूला आणि शहरभर आकडा लावायचा धंदा फोफावला. बेकायदा, आणि तरीही कोपऱ्याकोपऱ्यावर. कास्तोर या धंद्यातला बडा शेठ. वकिलीचे शिक्षण घेतलेला, म्हणून लोक त्याला डॉक्टर कास्तोर म्हणत. मोसिदादे इन्देपेन्देन्ते दे पाद्रे मिगेल या सांबा मंडळाचाही तो पोशिंदा होता आणि १९८४ मध्ये सांबा मंडळांचा संघ निघाला तेव्हा पहिला अध्यक्षही तोच. एकदा पंचाच्या निर्णयावर चिडून तो कमरेला पिस्तूल लावून मैदानात घुसला, असे सांगतात. बांगूत त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधावा लागे. औषधपाणी, लग्नकार्य, बंद पडलेला पगार, सगळ्याला त्याचा हात पुढे. या धंद्यामागे माणसे मारली जात होती, हेही सगळ्यांना ठाऊक होते. क्लबच्या इतिहासात त्याला वगळणारे अप्रामाणिक, आणि नुसता गौरव करणारेही.

त्याच्या पैशावर १९८५ चा संघ उभा राहिला. प्रशिक्षक मोइझेस, उजव्या बगलेवर मारिन्यो, त्या वर्षी देशातला सर्वोत्कृष्ट ठरलेला खेळाडू. राष्ट्रीय स्पर्धेत एकेक बडा क्लब गळत गेला आणि अंतिम सामन्यात समोरासमोर आले बांगू आणि कुरितीबा शहराचा कोरितीबा. ३१ जुलैच्या रात्री माराकानावर ९१,००० हून अधिक लोक. फ्लामेंगो, वास्को, बोताफोगो, सगळ्यांचे चाहते त्या रात्रीपुरते बांगूचे झाले होते. इंदियोच्या फ्री किकने कोरितीबा पुढे गेला, लुलिन्याने दहा मिनिटांत बरोबरी केली. पुढे कोंडी फुटली नाही, जादा वेळही तसाच गेला. पेनल्टींमध्ये दोन्ही बाजूंच्या पाचही जाळ्यात. सहावी घ्यायला आला आदो, संघातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक. त्याचा फटका बाहेर गेला. कोरितीबाच्या गोमेसने आपला मारला. ६-५. गंमत म्हणजे अख्ख्या स्पर्धेत कोरितीबाने जितके गोल केले त्यापेक्षा जास्त खाल्ले होते. असा विजेता क्वचितच सापडेल.

त्याच डिसेंबरात रिओ स्पर्धेच्या निर्णायक सामन्यात फ्लुमिनेन्सने बांगूला २-१ हरवले. शेवटच्या क्षणांत बांगूच्या क्लाउदियो अदाँवला पेटीत खाली पाडले गेले, पंचांनी शिट्टी वाजवली नाही. आदोच्या पेनल्टीबद्दल बांगूत लोक हळहळतात. या पेनल्टीबद्दल अजून चिडतात. १९८६ मध्ये क्लब कोपा लिबर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा खेळला आणि गटातच थांबला. १९८७ मध्ये तासा रिओ हा रिओ स्पर्धेचा एक टप्पा जिंकला. मग ओहोटी.

१९९३ मध्ये न्यायाधीश डेनिझ फ्रॉसार्ड यांनी आकड्याच्या चौदा शेठांना एकाच निकालात सहा-सहा वर्षांची शिक्षा सुनावली. कास्तोर त्यात होता. १९९७ मध्ये तो वारला. गिरणीही थांबली. तिच्या विटांच्या इमारतीत २००७ मध्ये बांगू शॉपिंग हा मॉल उघडला आणि २०१४ मध्ये तिथे डोनोहोचा भव्य पुतळा बसला. पुतळा बसवणाऱ्यांना दोष नाही, पण क्लबचे वेगळेपण दाखवायचे तर त्याच्या शेजारी नीटनेटक्या कपड्यांतला विणकरही हवा.

क्लब स्वतः २००४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि २००८ मध्ये ती जिंकून वर आला. मालक नाही, शेठ नाही. खेळाडू घडवायचे, मोठ्या क्लबांना द्यायचे आणि मोसम काढायचा, असा संसार सुरू झाला. १८ जून २०२० रोजी करोनाच्या टाळेबंदीनंतर दक्षिण अमेरिकेतले फुटबॉल पुन्हा सुरू झाले, तो पहिला सामना फ्लामेंगो विरुद्ध बांगू. माराकाना रिकामे, आवारातच उभारलेल्या कोविड रुग्णालयात मात्र रुग्ण दाखल. एवढ्या घाईने खेळायला फ्लुमिनेन्स आणि बोताफोगोने कडाडून विरोध केला. त्यांच्याकडे विरोध करण्याइतकी ताकद होती. लीगचे म्हणणे पटले नाही म्हणून बाहेर पडणे १९०७ मध्ये बांगूला जमले, कारण पाठीशी गिरणी होती आणि सोमवारी सकाळी सगळे खेळाडू कामावर हजर होणारच होते. २०२० मध्ये तसे काही पाठीशी नव्हते. बांगू खेळला आणि ०-३ असा हरला.